हर्डल्स सोडू की पळणंच सोडू?

पत्र:

"ताई, मी सांगली जिल्ह्यातली, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. शाळेपासून १०० मीटर हर्डल्स, म्हणजे अडथळ्यांची शर्यत पळते. मागच्या वर्षी विद्यापीठात पहिली आले होते, त्यामुळे यावेळी ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला मीच जाणार असं सगळे धरून चालले होते. पण सिलेक्शनच्या फायनलला दुसऱ्याच हर्डलला पाय लागला, तिसरा पाडला आणि चौथ्यावर मी पडले, गुडघा सोलला. उठले आणि ट्रॅकच्या बाहेर गेले. जिला मी दर वेळी हरवलंय ती सिलेक्ट झाली. याला दीड महिना झाला, मी ग्राउंडवर गेलेले नाही. सर म्हणतात तुझा फ्लॅट (हर्डल्स नसलेल्या) १०० चा टायमिंग या वर्षी १२.९ वरून १२.५ वर आलाय, हर्डल्स सोड आणि नुसती १०० पळ. मला ते ऐकून रडूच येतं, म्हणजे मला हर्डल्स जमत नाही म्हणून दुसरं काहीतरी देतायत. पप्पा म्हणतात झालं तेवढं बास, पोलीस भरतीचा फॉर्म भर. मी काय करू? — एक हर्डलर"

अगं, आधी गुडघ्याचं सांग. सोललेलं भरून आलं असेल, पण जिना उतरताना दुखतं का, सूज आहे का, चालताना पाय मध्येच निसटल्यासारखा वाटतो का? यातलं काहीही असेल तर हाडांच्या डॉक्टरला नाहीतर चांगल्या फिजिओला दाखव. पडल्यावर लगेच उठून चालत गेलीस म्हणून आत काही झालंच नाही असं नसतं, आणि दीड महिना घरी बसलीस म्हणून आपोआप बरं झालं असंही नसतं.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. तुझं पत्र वाचताना मला सारखा अमेरिकेचा हर्डलर हॅरिसन डिलार्ड आठवत होता. तुझ्या सरांना नाव माहीत असेल, तुला नसेल तरी नवल नाही, कारण त्या काळातलं आपल्याकडे जेसी ओवेन्सच्या पुढे कोणी काही सांगतच नाही. मी जरा सविस्तर सांगते कारण तुझ्याबरोबर जे झालं ते याच्याबरोबर तुझ्यापेक्षा कितीतरी मोठ्या मैदानावर झालंय, आणि त्याने त्यानंतर काय केलं त्यात तुझ्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर आहे.

डिलार्ड १९२३ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या क्लीव्हलंडला जन्मला. अंगाने इतका हाडकुळा की पोरं त्याला 'बोन्स' म्हणायची, आणि ते नाव त्याला शेवटपर्यंत चिकटलं. १९३६ ला धावपटू ओवेन्स बर्लिन ऑलिम्पिकहून चार गोल्ड घेऊन आला तेव्हा क्लीव्हलंडमध्ये त्याची मिरवणूक निघाली, ती बघायला हा १३ वर्षांचा पोरगा रस्त्याच्या कडेला उभा होता. त्या वयात त्याच्याकडे कुठले हर्डल्स, तर भंगारात टाकलेल्या गाड्यांच्या सीटमधल्या स्प्रिंगा रस्त्यावर मांडायच्या आणि त्यावरून उड्या मारत पळायचं. पुढे ओवेन्स ज्या हायस्कूलमध्ये शिकला त्याच ईस्ट टेक्निकलमध्ये गेला, आणि तिथून घराजवळच्याच बॉल्डविन-वॉलेस या छोट्या कॉलेजात. मोठमोठ्या युनिव्हर्सिट्यांच्या मानाने हे कॉलेज म्हणजे अगदीच लहान, पण त्याला तेच ठीक वाटलं. कॉलेज चालू असतानाच १९४३ ला सैन्यात बोलावणं आलं, इटलीत लढायला गेला, युद्ध संपल्यावर परत आला आणि परत त्याच कॉलेजात पहिल्यासारखा शिकायला आणि पळायला लागला. हे मी मुद्दाम सांगतेय, तुझा दीड महिना गेलाय, त्याची तर ऐन विशीतली वर्षं गेली होती.

परत आल्यावर मात्र त्याने कहर केला. १९४६ आणि १९४७, दोन्ही वर्षी अमेरिकेच्या कॉलेज चॅम्पियनशिपमध्ये म्हणजे एनसीएएमध्ये १२० यार्ड हाय हर्डल्स आणि २२० यार्ड लो हर्डल्स दोन्ही त्याच्याच. मग १९४७ च्या मध्यापासून पुढचं जवळजवळ वर्षभर, हर्डल्स आणि फ्लॅट मिळून, सलग ८२ शर्यती जिंकला. एप्रिल १९४८ मध्ये १२० यार्ड हर्डल्स १३.६ सेकंदात पळून वर्ल्ड रेकॉर्डही केलं. म्हणजे त्या वर्षी लंडन ऑलिम्पिकच्या हर्डल्सचं गोल्ड कोणाचं यावर चर्चा करायचीच गरज नव्हती.

जुलैमध्ये शिकागोजवळ एव्हन्स्टनला अमेरिकेच्या सिलेक्शन ट्रायल्स झाल्या. त्यांच्याकडे नियम कडक, त्या दिवशी पहिले तीन आलेले जाणार, बाकी कोणी कितीही मोठा असो, घरी. हर्डल्सच्या फायनलला डिलार्डचा पाय पहिल्याच हर्डलला लागला. ताल गेला. पुढचेही हर्डल्स ठोकत ठोकत गेला आणि शेवटी शर्यत अर्ध्यात सोडून उभा राहिला. वर्ल्ड रेकॉर्ड ज्याच्या नावावर तो माणूस स्वतःच्या शर्यतीत फिनिश लाइनपर्यंत पोचलाच नाही, आणि आजूबाजूला सगळं स्टेडियम बघतंय. तुला त्या वेळी ट्रॅकच्या बाहेर जाताना काय वाटलं असेल ते त्याला कोणी समजावून सांगायची गरज पडली नसती.

पण आदल्या दिवशी तो त्याच मैदानावर १०० मीटर पळला होता आणि तिसरा आला होता. बार्नी युएल आणि मेल पॅटन त्याच्या पुढे होते, पण तिसरा म्हणजे टीममध्ये. म्हणजे हर्डल्समध्ये बाहेर पडला तेव्हा लंडनचं तिकीट त्याच्या खिशात आधीच होतं.

इथे जरा थांब आणि हा क्रम नीट बघ, कारण तुझ्या सरांच्या बोलण्याचा तू जो अर्थ लावलायस तो मला पटत नाही. डिलार्डला १०० मीटर कोणी सांत्वन म्हणून दिली नव्हती. पडल्यावर कोणी दया येऊन त्याला दुसऱ्या शर्यतीत घातलं असंही नाही. तो तिथे पूर्ण ताकदीने पळला होता, देशातले सगळ्यात वेगवान लोक शेजारच्या लेनमध्ये असताना तिसरा आला होता, आणि ते हर्डल्सचं काहीही बिघडायच्या आधी झालं होतं. ती जागा त्याने कमावली होती. तुझे १२.५ सुद्धा तू कमावलेस ना? पडल्यावर सरांनी ते तुझ्या नावावर लिहिले नाहीत, पडायच्या आधीपासून स्टॉपवॉच तेच सांगत होतं.

लंडनला ३१ जुलैला वेम्ब्लीवर १०० मीटरची फायनल झाली. डिलार्डला मिळाली अगदी कडेची लेन. सगळ्यांचं लक्ष पॅटन आणि युएलवर. पळाले, आणि फिनिशला युएलला खात्री की आपणच जिंकलो, तो हात वर करून आनंदाने उड्या मारायला लागला. मग फोटो फिनिश बघितला तर कडेच्या लेनमधला डिलार्ड पुढे, १०.३ सेकंद, तेव्हाच्या ऑलिम्पिक रेकॉर्डची बरोबरी. युएल दुसरा, पनामाचा लॉइड लाबीच तिसरा, आणि पॅटन पाचवा. पुढे ४ बाय १०० रिलेतही गोल्ड, तेही कसं, तर आधी बॅटन चुकीच्या जागी दिला म्हणून अमेरिकेला बाद केलं, गोल्ड ब्रिटनला दिलं, आणि नंतर फिल्म बघून निर्णय फिरवला.

आणि हर्डल्सचं काय झालं? एव्हन्स्टनला त्याच्याऐवजी जे तिघं सिलेक्ट झाले, बिल पोर्टर, क्लाइड स्कॉट आणि क्रेग डिक्सन, त्यांनीच लंडनला तिन्ही मेडल्स नेली. म्हणजे त्याच्या जागी गेलेले काही ऐरेगैरे नव्हते. तुझ्या जागी गेलेल्या मुलीबद्दल तू जे एका ओळीत लिहिलंयस त्यात राग आहे आणि तो येणारच, पण ती त्या दिवशी दहाच्या दहा हर्डल्स ओलांडून फिनिशला पोचली एवढं तर खरंच आहे. तिला एक मेसेज टाक, अभिनंदनाचा. पुढच्या वर्षी तुम्ही दोघी परत शेजारी शेजारीच उभ्या असणार आहात.

बरं, आता तू म्हणशील की १०० चं गोल्ड मिळालं, जगातला सगळ्यात वेगवान माणूस झाला, मग हर्डल्स विसरला असेल. नाही विसरला. मला या माणसाची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. परत हर्डल्सकडे गेला आणि चार वर्षं थांबला. तेव्हा ऑलिम्पिकवाले सगळे हौशी खेळाडू, पळायचे पैसे नाहीत, त्यामुळे डिग्री पूर्ण करून, नोकरी करून त्यातून सराव करायचा. १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये २९ वर्षांचा असताना ११० मीटर हर्डल्सचं गोल्ड घेतलं, १३.७ सेकंद, शेजारच्या जॅक डेव्हिसलाही तोच टायमिंग दिला होता इतकं जवळचं. रिलेत अजून एक गोल्ड, एकूण चार. ऑलिम्पिकमध्ये १०० मीटर आणि ११० मीटर हर्डल्स दोन्ही जिंकलेला तो आजवरचा एकमेव पुरुष आहे. आणि एव्हन्स्टनला पाय अडकला नसता तर कदाचित लंडनचं हर्डल्सचं गोल्ड १९४८ लाच मिळालं असतं, पण हेलसिंकीपर्यंत थांबला असता का, कोण जाणे.

म्हणून तुला माझं सांगणं असं की सरांचं अर्धं ऐक. फ्लॅट १०० पळ, मनापासून पळ, पण हर्डल्स सोडू नकोस. सरांशी बस आणि सरळ सांग की सर, मला दोन्ही इव्हेंट पळायचेत, इंटर-कॉलेजला दोन्हीत नाव टाका. टाइमटेबल बघावं लागेल, एकाच दिवशी दोन्हीच्या हीट्स आल्या तर दमछाक होते, ते सर बघतील. तू फक्त "मला जमत नाही म्हणून मी इकडे आले" हे डोक्यातून काढून टाक. सर तुला काढून टाकत नाहीयेत गं, ज्या पोरीचा टायमिंग एका वर्षात चार दशांश खाली आला ती पोरगी घरी बसलीय हे त्यांना बघवत नसेल.

आणि त्या चार दशांशांबद्दलच बोलायचंय. तू ती ओळ वैतागून लिहिलीस, पण तुझ्या पडण्याचं कारण त्यातच असू शकतं असं मला वाटतं. हर्डल्सची अंतरं कोणासाठी बदलत नाहीत. मुलींच्या १०० मध्ये पहिला हर्डल १३ मीटरवर, मधलं प्रत्येक अंतर ८.५० मीटर, आणि त्यात तीन पावलं. मागच्या वर्षी तुझ्या जुन्या वेगाला ती तीन पावलं बरोब्बर बसत होती. यावर्षी वेग वाढला, पाऊल लांब पडायला लागलं, पण साडेआठ मीटर साडेआठच राहिले. मग तिसरं पाऊल हर्डलच्या फार जवळ पडतं. टेकऑफ, म्हणजे उडीसाठी पाय जमिनीवरून उचलणं, साधारण दोन मीटर आधी व्हायला हवा, तो जवळून झाला की लीड लेगचा (हर्डलवरून आधी जाणाऱ्या पायाचा) गुडघा वर यायला जागाच मिळत नाही, टाच नाहीतर मांडी हर्डलला लागते, तोल जातो, पुढच्या हर्डलला अजून वेडंवाकडं जातेस. पहिला नीट गेला, दुसऱ्याला लागला, तिसरा पाडला, चौथ्यावर पडलीस, हे जे तू लिहिलंयस ते याच्याशी जुळतं. मी काही ती शर्यत बघितली नाही, त्यामुळे हेच झालं असं छातीठोकपणे सांगणार नाही. कोणीतरी मोबाईलवर शूट केलंच असेल. तो व्हिडिओ तू आत्तापर्यंत टाळला असशील, आता सरांबरोबर बसून स्लो करून बघ, आणि चेहरा नको बघूस, फक्त टेकऑफचा पाय हर्डलपासून किती लांब पडतोय ते बघ. जवळ पडत असेल तर याचा अर्थ तू बिघडली नाहीस, तू जास्त वेगाने पळायला लागलीस आणि तुझी हर्डल्सची पावलं अजून जुन्याच हिशोबाची आहेत. त्यावर उपाय आहे, पावलं जरा आखूड आणि जास्त चपळ करायची, आणि तो सराव करून घेता येतो.

डॉक्टरने हो म्हटल्यावर ग्राउंडवर जा, पण पहिल्याच दिवशी हर्डल्सच्या समोर उभी राहू नकोस. आधी काही आठवडे नुसतं पळ, ब्लॉकमधून स्टार्ट, ३० मीटर, ६० मीटर. मग हर्डल्स, तेसुद्धा खाली करून आणि अंतर कमी करून, आधी एकच, मग दोन, मग तीन. भीती वाटेलच, चौथा हर्डल लावला त्या दिवशी तर नक्कीच वाटेल. वाटू दे. शरीराला परत परत दिसलं पाहिजे की आपण पलीकडे नीट उतरतो, मग ती हळूहळू कमी होते, नुसतं मनाची समजूत घालून ती जात नाही. आणि नियमाचं एक लक्षात ठेव, हर्डल पाडला म्हणून बाद होत नाही, मुद्दाम पाडला नाही आणि दुसऱ्याच्या आड आली नाहीस तर पळत राहायचं. दहा पाडलेस तरी पळायचं.

डिलार्ड जुना आणि लांबचा वाटत असेल तर आपली ज्योती याराजी बघ, तुझाच इव्हेंट, आणि तीही इंटर युनिव्हर्सिटीतूनच पुढे आलेली. विशाखापट्टणमची, आई घरकाम करणारी, वडील सिक्युरिटी गार्ड. जानेवारी २०२० मध्ये कर्नाटकात मूडबिद्रीला ऑल इंडिया इंटर युनिव्हर्सिटीला ती १३.०३ पळाली. तेव्हा नॅशनल रेकॉर्ड होतं अनुराधा बिस्वालचं १३.३८, २००२ पासूनचं. म्हणजे एवढं जुनं रेकॉर्ड तिने कॉलेजच्या स्पर्धेत मोडलं, आणि ते धरलंच नाही, कारण तिथे तिची डोप टेस्ट झाली नव्हती. मग एप्रिल २०२२ ला कोळिकोडला परत रेकॉर्डपेक्षा वेगात पळाली, तर पाठीमागून वारा सेकंदाला २.१ मीटर निघाला, चालतो २.० पर्यंत. परत नाही धरलं! विचार कर, तिच्या पळण्यात काही चूकच नाही, तरी दोनदा हातातून गेलं. मे महिन्यात सायप्रसला १३.२३ पळाली तेव्हा कुठे रेकॉर्ड तिच्या नावावर लागलं. त्यानंतर २०२३ ला चेंगडूच्या वर्ल्ड युनिव्हर्सिटी गेम्समध्ये १२.७८ आणि ब्राँझ, आणि २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिक, या इव्हेंटमध्ये तिथवर पोचलेली पहिली भारतीय. कोळिकोडच्या त्या ०.१ मीटर वाऱ्यावर रुसून ती घरी बसली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती, पण पुढचं काहीच झालं नसतं.

आता पप्पा. त्यांना शत्रू समजू नकोस, ते पोरगी दीड महिना रडताना बघतायत आणि त्यांना जे खात्रीचं वाटतं ते सांगतायत. पोलीस भरतीत वाईट काही नाही, आणि मुलींच्या मैदानी चाचणीत १०० मीटर पण असतेच, म्हणजे तू जे पळतेस ते तिथेही कामाला येणार आहे. पण फॉर्म भरायचा म्हणजे ट्रॅक आणि कॉलेज दोन्ही सोडायचं असं कुठे आहे? त्यांना हे सांग की तू डिग्री पूर्ण करणार आहेस, त्यात तडजोड नाही. डिलार्डचंही त्यांना सांग, चार ऑलिम्पिक गोल्ड असलेला माणूस आयुष्यभर नोकरी करूनच जगला, आधी क्लीव्हलंडच्या बेसबॉल क्लबमध्ये, नंतर बरीच वर्षं तिथल्या शाळा खात्यात व्यवस्थापनाच्या जागेवर, आणि २०१९ मध्ये ९६ व्या वर्षी गेला. पळणं आणि शिक्षण त्याने एकमेकांच्या आड येऊ दिलं नाही, तूही येऊ देऊ नकोस. पप्पांकडून मुदत मागून घे, डिग्री होईपर्यंतची, पण नुसती तोंडी नको, टायमिंग लिहिलेली वही त्यांना दर महिन्याला दाखव, कारण ज्यांनी कधी ट्रॅक बघितला नाही त्यांना चार दशांश म्हणजे काय ते तुलाच समजावून सांगावं लागेल. एखाद्या रविवारी सकाळी त्यांना ग्राउंडवर ने आणि स्टॉपवॉच त्यांच्या हातात दे.

आपल्या राज्यात सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे हे त्यांना माहीत असेलच, पण कुठल्या स्पर्धेतला कितवा नंबर कुठल्या पदासाठी धरतात याचे नियम ठरलेले आहेत आणि ते सांगोवांगी घेऊ नका. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात दोघं मिळून जा, सध्याचा शासन निर्णय मागून घ्या, प्रमाणपत्र पडताळणी कुठे आणि कशी होते ते विचारा, आणि जाताना मागच्या वर्षीचं विद्यापीठाचं सर्टिफिकेट ओरिजिनल आणि झेरॉक्स दोन्ही बरोबर ठेवा.